गयामायची इर्जिक

आयुष्यभर मी माणसं गोळा करण्याचं काम केलं. कुणी विचारलं, काय करता, तर हे उत्तर द्यायला मला अजून संकोच वाटतो. कारण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुढचा प्रश्न लगेच दिसतो, गोळा करून पुढं काय करता? विहीर उपसतो, रस्त्यावर मुरूम टाकतो, भजन करतो, प्रौढांचा वर्ग चालवतो, असं काहीबाही मी सांगत असे. पुढं राज्य बदललं, मी सरकारी नोकर झालो, मला हुद्दा आणि सायकल मिळाली, आणि मग कुणी विचारेनासं झालं. मला जे सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं आहे. हैदराबादेत निजाम गादीवर होता आणि आमच्या भागात चार माणसं एका जागी बसली तरी त्याचं कारण पोलिसांना सांगावं लागे, त्या दिवसांतलं.

नांदेडात एक लहानशी संस्था होती. खेड्यात जाऊन राहायचं आणि लोकांना हाताशी धरून गावाची कामं करायची, एवढाच तिचा उद्देश. तिनं मला लोह्याच्या बाजूच्या एका गावात पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली नातवंडं आता माझ्याच गल्लीत घरं बांधून राहतात आणि त्यांच्या आज्यांविषयी मी काही लिहिलेलं त्यांना आवडेलच असं नाही. मी तेव्हा पंचविशीत होतो. घरी मागं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तर मी संस्थेला सोयीचा वाटलो.

राहायला मारुतीच्या देवळामागची खोली मिळाली. तीत भजनाचे टाळ, एक फुटका पखवाज, पालखीचे दांडे आणि मी. जेवणासाठी वार लावून दिले होते. सोमवारी पाटलाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असं आठवडाभर. सात घरी जेवणाऱ्याला सगळं गाव आपला म्हणतं, पण एकाही घरात त्याचा ठरलेला पाट नसतो. दिवसभर माणसांत असे मी. संध्याकाळी भजन संपलं की सगळे उठत, आणि जाता जाता कुणीतरी म्हणे, "मास्तर, जावा आता तुमीबी घरी." मी हाव म्हणत असे आणि टाळ उचलून खोलीकडे जात असे.

या धंद्याची काही अक्कल असते ती बाहेरच्यांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. गावात गेल्यावर पहिल्यांदा कामं पाहायची नाहीत, भांडणं पाहायची. कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाच्या लग्नात कुणाला आवतण गेलं नाही, हे कळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. दुसरं, बसायची जागा. चावडीत बसलात तर तुम्ही सरकारचे, पाटलाच्या ओसरीत बसलात तर पाटलाचे. आमच्या भजनात पखवाज वाजवणारे दोघे होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. एक वाजवत असला की दुसरा देवळाबाहेर पाठ करून बसे, पण ठेका चुकला की तिथूनच खाकरे. त्यांची समजूत काढायच्या भानगडीत मी पडलो नाही, दोघांना दोन वेगळे वार दिले. सगळ्या गोष्टी अशा सुटत नसत. गावातली बारव सगळ्यांना मोकळी नव्हती. महारवाड्याची माणसं ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून पाणी भरत. त्याबद्दल मी गावात जेव्हा जेव्हा बोललो तेव्हा माझे वार बंद झाले, आणि मी खोलीत कच्चे चणे खाऊन राहिलो. ते काम माझ्या हातून झालं नाही. ते पुढं त्यांनीच केलं.

मी बसायला बारवेचा कठडा निवडला. बारव जुनी, दगडी बांधणीची. एका बाजूनं पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरत होत्या आणि शेवटच्या पायरीशी साती आसरांचे, पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले गोटे होते. त्या शेवटच्या पायरीवर गयामाय असे.

गयामाय लहानपणीच विधवा झालेली. मूलबाळ नाही. दिरांनी जमीन आपल्या नावावर करून घेतली आणि गावाच्या टोकाला एक खोली आणि पुढं मोकळं अंगण तिला दिलं. त्या अंगणात कडुनिंबाचं एक झाड होतं आणि दुसरं काही नव्हतं. सणावाराला तिला कुणी बोलवत नसे. पण बारवेवर तिच्यावाचून कुणाचं चालत नसे. पायऱ्या शेवाळानं निसरड्या झालेल्या, म्हणून ती नव्या सुनांना आणि पोटुशा बायकांना खाली उतरू देत नसे. स्वतः गुडघाभर पाण्यात उभी राहून वरून आलेली घागर घ्यायची, हातानं शेवाळ बाजूला सारायचं, घागर बुडवून वर द्यायची. बायका मधल्या पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहत आणि घागर हातोहात वर जाई. त्याच ओळीतून गावातल्या सगळ्या गोष्टी खाली येत. कुणाला दिवस गेले, कुणाला सासूनं उपाशी ठेवलं, हे पहिल्यांदा गयामायला कळे. बदल्यात घरोघरून तिला पसाभर ज्वारी मिळे. त्यावर तिचं भागे.

संध्याकाळी पाणवठा मोकळा झाला की ती खाली पायरीवर टेकायची आणि मी वर कठड्यावर. आवाज चढवावा लागत नसे. बारव तो आपणहून वर आणून देई.

एकदा तिनं विचारलं, "मास्तर, तुमाला घर न्हाई का?"

"आहे की, देवळामागं."

"ते टाळाचं घर हाय," ती म्हणाली. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही, आणि मला ते बरं वाटलं. त्या गावात गप्प बसायला मला तेवढंच एक माणूस होतं.

आता नारूविषयी सांगायला हवं. आजच्या पोरांनी नारू पाहिलेला नाही, आणि देव करो, पाहू नये. पायाला फोड येतो, त्याची आग आग होते. म्हणून माणूस पाय पाण्यात सोडतो. फोड फुटतो आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा तोंड बाहेर काढतो. तो बारीक काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा असतो. घाई केली आणि तुटला की पाय सुजून माणूस महिनोन्महिने खाटेवर. त्या किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, ते पाणी जो पितो त्याच्या अंगात नवा नारू वाढतो, आणि वर्षभरानं बाहेर पडतो. आमच्याकडे तो नेमका पेरणीच्या तोंडावर बाहेर पडे. मृग लागला, शेतं वाफशावर आली, आणि घराघरांत कर्ता पुरुष पायाला काडी बांधून ओसरीत पडलेला, असं मी त्या गावात डोळ्यांनी पाहिलं.

अशा वेळी गाव इर्जिक करी. इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलं असेल त्याच्या रानात सगळ्यांनी आपापले बैल आणि तिफणी घेऊन जायचं, दिवसात त्याची पेरणी उरकून द्यायची, आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मजुरी नाही, उपकार नाही. आदल्या दिवशी त्या घरच्या माणसानं दारोदार जाऊन बोलवायचं आणि आपल्या चुलीवरचं जेवण वाढायचं. माझी संस्था मला गावात सहकार्य शिकवायला पाठवते आणि इथं ते माझ्या पणज्याच्या आधीपासून चालू आहे, हे पाहून मी थोडा खजील झालो होतो.

उपाय सोपा होता. पायऱ्यांच्या तोंडाशी दगडी भिंत घालायची, वर रहाट बसवायचा आणि पाणी दोरानं शेंदायचं. पाण्यात पाय पडला नाही की नारू संपला. सभा घ्यायची तर तालुक्याची इजाजत काढावी लागली असती, म्हणून एका एकादशीला भजनाच्या मध्येच मी हे सांगितलं. पुरुष आत बसले होते, बायका बाहेर ओट्यावर. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणं हे आमच्या भागात काही ठरल्याचं लक्षण नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गयामाय खाली पायरीवर बसली नाही. पायऱ्या चढून वर आली आणि माझ्यापासून थोडी दूर कठड्याला टेकली.

"मास्तर, खरं सांगा. माझ्या पायाला लई वेळा नारू निघाला."

"गावात सगळ्यांच्याच निघाला, गयामाय."

"पर पाण्यात समदी हुबी राहत न्हाईत. म्या राहते."

खोटं सांगितलं असतं तर ते तिला कळलं असतं. मी म्हणालो, "तुमच्या आधीही इथं नारू होता."

"हाव," ती म्हणाली. "पर आता म्या हाय." आणि ती आपल्या पायांकडे बघत राहिली. घोट्याभोवती जुने व्रण होते, पांढरे पडलेले. इतकी वर्षं गावाला पाणी पाजलं, या एका गोष्टीवर ती बाई जगत होती. मी तिच्या हातातून तेवढंच काढून घेतलं होतं, आणि ते खरं असल्यामुळं परतही देता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

भिंतीचं काम मात्र पुढं सरकेना. मी किशनराव पाटलांकडे गेलो. पाटील धिप्पाड, मितभाषी माणूस. मी म्हणालो, उन्हाळ्यात रानात काम नाही, बारवेचं पाणीही खाली गेलंय, इर्जिक करून टाकू.

"कुणाची इर्जिक?" त्यांनी विचारलं.

"गावाची."

"गाव जेवू घालणार व्हय? गावाला चूल कुठं हाय, मास्तर?"

मी म्हणालो, संस्थेची समजा. ते म्हणाले, संस्था कुणाच्या घरी कधी इर्जिकीला गेली का? मी म्हणालो, मग माझी समजा. त्यावर ते पहिल्यांदा हसले. "तुमीच सात घरी जेवता."

हसण्यावारी नेलं तरी अडचण खरी होती. बारव सगळ्यांची, म्हणजे बोलावणारं कुणी नाही, आणि घरच्या माणसानं बोलावल्याशिवाय इर्जिकीला जाणं म्हणजे आगंतुकपणा. मी घरोघर फिरून विनवलं असतं तरी कुणी बैल सोडले नसते. शिवाय पाटलांचं आणखी एक म्हणणं होतं. इतकी माणसं जमलेली पाहून पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले आणि हा मजमा, हा जमाव कुणाचा म्हणून विचारलं, तर एक नाव सांगता आलं पाहिजे.

बायकांची अडचण वेगळी. भिंत घातल्यावर आसरांची ओटी कुठं भरायची? पाटलांची सून सुंदरा, बायकांतर्फे बोलायची हिंमत तिच्यातच होती. तिनं सांगून टाकलं, "गयामाय आसरांना इचारू दे. त्या हाव म्हणल्या तर बघू."

गयामायनं पाण्यात उतरणं सोडलं. रोज सकाळी पायरीवर उभी राहत होती, पण आता पाण्याच्या वर, कोरड्या पायरीवर. वाकून वाकून घागरी बुडवायची. त्यानं तिची कंबर धरली. शेवटी एका संध्याकाळी तिनंच विषय काढला.

"आसरांना इचारलं म्या. वर येतो म्हणल्या."

"मग झालंच की."

"माझं मला इचारायचं राहिलंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "भिंत झाल्यावर म्या सकाळी कुठं जाऊ, मास्तर?"

मी म्हणालो, "वर. रहाटापाशी."

"रहाटाला माणूस लागत न्हाई. दोर लागतो."

मी तिला नाही म्हणायची मोकळीक दिली. खरंच दिली, कारण माझाही जीव त्या पायरीत अडकला होता. पुन्हा कुणाच्या मुलाच्या पायाला काडी बांधलेली दिसली असती तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण तिनं ते माझ्यावर येऊ दिलं नाही. म्हणाली, "पाटलाला सांगा. इर्जिक माझी हाय."

विधवा बाई, रान नाही, बैल नाही, घरात पुरुष नाही. असल्या घरची इर्जिक गावानं ऐकली नव्हती. पण नियमात कुठं बसत नाही असंही नव्हतं. चूल होती. आणि पशापशानं साठलेली ज्वारी होती.

आदल्या दिवशी ती बोलावणं करायला निघाली, तेव्हा सोबत मला घेतलं. पहिलं घर पाटलांचं. दारात जाऊन ती नेहमीसारखी कडेला उभी राहिली. आजवर या दारात ती घ्यायलाच आली होती. सुंदरानं तिला पाहिलं, आत गेली आणि रिवाजाप्रमाणं पसाभर ज्वारी घेऊन आली.

"पसा न्हाई पाह्यजे, सुंदरे," गयामाय म्हणाली. "उद्या माझ्याकडं इर्जिक हाय. माणूस पाह्यजे एक."

सुंदरा तशीच ओंजळ धरून उभी राहिली. मग आतून किशनरावांचा आवाज आला, "दोन येतील म्हणावं." पुढच्या घरापासून गयामायला काही सांगावं लागलं नाही. ती पोचायच्या आधीच माणसं दारात उभी असत.

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं. ज्यांचं आपसात बोलणं नव्हतं तेही आले आणि न बोलता एकमेकांच्या हातात दगड देत राहिले. बैलगाड्या पडक्या गढीचे दगड आणत होत्या, गवंडी एकटाच सगळ्यांवर ओरडत होता. सकाळीच गयामायनं आसरांचे सातही गोटे धुऊन पदरात घेतले होते आणि पायऱ्या चढून वर आणले होते. वर येताना ती मध्ये कुठंच थांबली नाही.

दुपार कलता अमीनसाहेब आलेच. बरोबर एक शिपाई. माणसं कामं थांबवून उभी राहिली, कारण त्या दिवसांत पोलीस दिसला की हात आपोआप थांबत.

"कायका मजमा है ये?"

"इर्जिक हाय, हुजूर," पाटील म्हणाले.

"किसकी?"

पाटलांनी मागं पाहिलं. गयामाय भाकरीच्या पिठानं भरलेले हात घेऊन पुढं आली. "माझी," ती म्हणाली.

अमीनसाहेबांनी तिला खालून वर पाहिलं. "खेत कहाँ है तेरा?"

"खेत न्हाई, साहेब. बारव हाय."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी कोण आणि कुठून आलो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तेवढ्यात मागं उभा असलेला शिपाई हळूच म्हणाला, "साब, नारू के वास्ते कर रहे." त्याच्या एका पायाला फडकं बांधलेलं होतं. अमीनसाहेब घोडा वळवता वळवता म्हणाले, "जल्दी खतम करो." शिपाई मात्र मागं रेंगाळला आणि जेवून गेला.

जेवण तिच्या अंगणात झालं. भाकरी, तुरीचं वरण आणि गुळाचा खडा. गावातल्या बायकांनी कडुनिंबाखाली दगड मांडून चुली केल्या होत्या, आणि अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गयामाय पंक्तीतून फिरत होती. प्रत्येकापुढं थांबून म्हणत होती, "पोटभर जेवा. लाजू नका. घर आपलंच हाय." हे वाक्य तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून, लांबून ऐकलं असणार. मला वाढताना ती म्हणाली, "आज तुमचा वार माझ्याकडं." मी सात घरांचं अन्न खाल्लेला माणूस सांगतो, त्या भाकरीची चव मला पुन्हा कुठं लागली नाही.

भिंत उभी राहिली. रहाट बसला. पहिली घागर गयामायच्या हातून शेंदवली. दोर ओढताना तिचे हात सोलले, तेव्हा सुंदरानं दोर तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "तू नको आता. लई केलंस."

माझ्या कामाच्या आयुष्यातला सर्वांत नेटका गट त्यानंतर उभा राहिला, आणि तो मी उभा केला नव्हता. बायकांनी आपणहून ठरवलं की गयामायनं गावाला एवढी वर्षं पाणी दिलं, आता गावानं तिला द्यायचं. पाळी लावली. ज्या घरची पाळी असेल त्या घरची बाई सकाळी एक भरलेली घागर तिच्या उंबऱ्याशी ठेवून जाई. पाळी कधी चुकली नाही. पसाभर ज्वारीही तशीच चालू राहिली, घागरीशेजारी सुपात. मी संस्थेला कळवताना या गोष्टीचं कौतुक केलं होतं, आणि आजही एखाद्या गावाला उदाहरण द्यायचं तर मी तेच देईन.

त्या सालचा नारू आधीच अंगात होता, तो निघालाच. पुढच्या सालच्या पेरणीला काही थोड्या घरांत नारू निघाला. त्याच्या पुढच्या पेरणीला गावात कुणाच्याही पायाला काडी नव्हती. मी फिरून फिरून पाहिलं. ओसऱ्या मोकळ्या होत्या, पुरुष रानात होते. आणि त्या वर्षी गावात एकही इर्जिक झाली नाही, कारण कुणाचं काही अडलंच नाही. मृगात ज्या रानांत दहा-दहा तिफणी एकत्र चालत तिथं ज्याची त्याची तिफण चालत होती. नारू गेला याचा मला आनंद होता, मनापासून होता. पण गाव पूर्वीपेक्षा गप्प झालं होतं. रहाटावर बायका येत, आपापली घागर शेंदत आणि जात. ओळ लागत नसे. माझी संध्याकाळची जागाही तशी उरली नव्हती. मी कठड्यावर बसे, खाली पाहिलं तर भिंत दिसे.

गयामायकडे मी अधूनमधून जाई. रोज जाणं बरं दिसलं नसतं, ती एकटी बाई आणि मी एकटा पुरुष. ती उंबऱ्यात बसलेली असे. एकदा म्हणाली, "लोकं लई चांगली हायत, मास्तर. दारात घागर ठिवून जात्यात." मग म्हणाली, "थांबत न्हाईत." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाणी ठेवणाऱ्या बाईला पुढं स्वयंपाक असे, लेकरं असत, रान असे. काम केलं की ती जाणारच. गाव वाईट असतं तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. गाव गोळा करणं मला येत होतं. एका माणसाशेजारी दुसरं माणूस बसवणं मला आलं नाही.

एका सकाळी मी तिच्या घरावरून चाललो होतो. त्या दिवसाची पाळी नुकतीच होऊन गेली असावी, घागरीखालची माती ओली होती. गयामायनं ती भरलेली घागर दोन्ही हातांनी उंबऱ्यावरून उचलली, अंगणात आणली आणि सगळं पाणी कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं. मी थांबलो. तिनं मला पाहिलं, पण दचकली नाही.

"काय करताय, गयामाय?"

"घागर रिकामी असल्याबिगर बारवेवर जायचं कसं?" ती म्हणाली. "कुणाला सांगू नका."

मी सांगितलं नाही. ती रिकामी घागर कमरेवर घेऊन निघाली आणि मी बराच मागून गेलो. रहाटावर सुंदरा होती, आणखी काही बायका होत्या. तिला पाहून सगळ्याच म्हणाल्या, "अगं माय, तू कशाला आलीस? आताच तर ठिवली की घागर."

"सांडली गं," गयामाय म्हणाली.

बायकांनी तिला कठड्यावर बसवलं, तिची घागर शेंदून दिली, आणि ती शेंदून होईपर्यंत तिच्याशी बोलत राहिल्या. गयामाय प्रत्येकीला काहीतरी विचारत होती. कुणाच्या लेकराचा दात, कुणाची सासू. मग एकीनं तिची भरलेली घागर स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तिला घरापर्यंत पोचवून आली. दुसऱ्या दिवशीही घागर सांडली. तिसऱ्या दिवशीही.

त्यानंतर बायकांची बैठक झाली. कुणी बोलावली नव्हती, मला तर कुणी विचारलंही नव्हतं. माझ्याशिवाय, मुद्दाम बसून झालेली ती गावातली पहिली बैठक. हेच व्हावं म्हणून संस्थेनं मला तिथं पाठवलं होतं. सुंदरा मुद्दाम देवळाकडे येऊन सांगून गेली. तिच्या चेहऱ्यावर कामाचं समाधान होतं.

"गयामायचे हात थरथरून राहिलेत, मास्तर. पाणी सांडतंय रोज. म्हातारीला उगंच बारवेपतूर चालावं लागतंय. आमी ठरवलंय, उद्यापासून दोन घागरी ठिवायच्या. एक सांडली तर एक राहील."

मी म्हणालो, "चांगलं केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा उंबऱ्याशी दोन घागरी होत्या, काठोकाठ भरलेल्या, आणि गयामाय त्यांच्याकडे बघत बसली होती. मी अंगणात उभा राहिलो. तिनं मान वर केली नाही.

"दोन ओतायची ताकद न्हाई हो माझ्यात," ती म्हणाली.